बैलाच्या मापाचा चढ: नगर जिल्ह्यातील घाटरस्ते आणि सायकलचा फेरा

नगर जिल्ह्यात सायकलचा मोठा फेरा आखला तर तो बहुधा दोनदा तरी डोंगर ओलांडतो. याचे कारण जिल्ह्याच्या घडणीत आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून तीन रांगा फुटतात आणि पूर्वेकडे उतरत जातात. उत्तरेला कळसूबाईची, मधे बाळेश्वराची आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची. ही शेवटची रांग पुढे बालाघाट या नावाने बीडकडे निघून जाते. रांगांमधल्या खोऱ्यांतून प्रवरा आणि मुळा वाहतात आणि शेवटी गोदावरीला मिळतात. हरिश्चंद्राच्या दक्षिणेला पडलेले पाणी मात्र कुकडी, घोड आणि सीनेवाटे भीमेत जाते. नदीच्या काठाने पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता बहुतेक सपाट असतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला घाट चुकत नाही आणि फेरा म्हटला की चारही दिशा आल्याच.

अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर झालेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या बाजूला ५०० ते ६०० मिलिमीटर मिळाला तरी वर्ष बरे म्हणतात. या पर्जन्यछायेला वाळवंट म्हणता येणार नाही. पण मार्चनंतरची पारनेरची पठारे पाहिली की बाहेरच्या माणसाच्या तोंडी तोच शब्द येतो: काळा कातळ, पिवळे पडलेले कुसळी गवत, मैलोगणती झाड नाही.

घळया मात्र इथल्या अस्सल आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठाराची घळई-भूमी वाळूच्या आणि चुन्याच्या गाळाच्या खडकांची आहे, म्हणून ती तांबडी. नगरची लाव्ह्याची, म्हणून काळी. दोन्हीकडे थर आडवे आहेत आणि नदीने ते उभे चिरले आहेत, एवढे साम्य पुरेसे आहे. साम्रद गावाजवळची सांदण ही अशीच एक चीर. खडकाच्या भेगेत पाणी शिरत गेले आणि दीड-दोनशे फूट उंच भिंतींच्या मधे अरुंद वाट उरली, जी थेट कोकणच्या बाजूला उतरते. जिल्ह्याच्या दुसऱ्या कडेला, पारनेर तालुक्यातल्या निघोजला, कुकडीने पात्रातच खोल खाच पाडली आहे आणि तिच्या तळाशी-काठाशी रांजणखळगे कोरले आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी फिरत राहतात, खळगा खोल करतात आणि स्वतःही झिजतात. आसपासचे लोक या जागेला कुंड म्हणतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे आणि पलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात.

अशा मुलखात चाक फार जुने आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या दायमाबादला १९७४ मध्ये चार कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांपैकी एक बैलजोडीने ओढलेला, सारथी उभा असलेला दोन चाकांचा रथ आहे. गेंडा आणि रेडा यांच्या मूर्तींनाही खाली चाके आहेत. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण बरेच अभ्यासक त्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातल्या मानतात. ज्या खोऱ्यात त्या मिळाल्या ते खोरे सपाट आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे. चाक नदीकाठी राहिले. डोंगरापाशी आले की त्यानंतरही कित्येक शतके माल बैलाच्या पाठीवर चढवला जाई.

घाटवाटा बैलांच्या होत्या. साम्रदहून करोली घाटाने डेहण्याला, घाटघरहून चोंढ्याला, हरिश्चंद्राच्या पायथ्याच्या तोलार खिंडीतून कोथळ्याहून खिरेश्वरला अशा वाटांनी माणसे आणि जनावरे जात. शेजारच्या जुन्नरचा नाणेघाट यांत सर्वांत नामांकित, कारण तिथे सातवाहनांचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही. वर मीठ यायचे, खाली धान्य जायचे. वंजारी-लमाणांच्या तांड्यातला एक बैल शंभर-सव्वाशे किलो ओझे वाहतो आणि पायरीसारखी उभी वाटही चढतो. म्हणून या वाटांना वळणे घ्यायची गरज पडली नाही. डोंगराची सोंड धरली आणि वर निघाले. आजही त्या वाटांवर चालणारे गिर्यारोहकच दिसतात. सायकल तिथे खांद्यावरच न्यावी लागेल.

१४९० मध्ये अहमद निजामशहाने भिंगारजवळ नवे शहर वसवले ते पठारावर, पुण्याकडून पैठणकडे जाणाऱ्या वाटेवर. त्यानंतर या मुलखातली मोठी वाहतूक सैन्याची झाली. निजामशाही, मोगल, मराठे, सगळे याच उंबरठ्यावरून गेले-आले. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पावसात रखडत नगरला पोचला. १२ तारखेला किल्ला त्याच्या हाती आला आणि त्याच महिन्यात त्याने गोदावरी ओलांडली ती कातड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या नावांतून. त्याच्या पत्रांत शत्रूइतकीच बैलांची चिंता आहे. तोफा ओढणारे बैल कर्नाटकातले, धान्य वाहणारे वंजाऱ्यांचे, आणि चिखलात दोन्ही निरुपयोगी. रस्ता म्हणजे तेव्हा पायांनी मळलेला पट्टा होता, पावसाळ्यात तो पुसला जाई.

याला अपवाद यात्रेकरूंच्या सोयींचा. याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातील चौंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या. जुन्या प्रवासात वाटेच्या दर्जापेक्षा पाण्याचे अंतर महत्त्वाचे असे. नगरच्या पूर्व भागात सायकलवाल्यांसाठी ते आजही खरे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि नगरला पहिला कलेक्टर आला तो हेन्री पॉटिंजर. आठ वर्षांपूर्वी याच माणसाने घोड्यांच्या व्यापाऱ्याचा वेष घेऊन बलुचिस्तान आणि इराणचे खरेखुरे वाळवंट पालथे घातले होते. पुढे तो हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. खडतर वाटांची पारख असलेला असा माणूस जिल्ह्याच्या वाट्याला आला, पण रस्ते त्याच्या काळात झाले नाहीत. कंपनी सरकारला आधी महसूल हवा होता. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि त्यानंतर कोठे दख्खनच्या आतल्या रस्त्यांना गती आली. त्याच दशकात भूमापन खात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सोलापूरकडच्या टेंभुर्णीला सुधारलेल्या, हलक्या बैलगाड्या बनवायचा कारखाना काढला. त्याआधीच्या दख्खनी गाड्या इतक्या जड असत की निम्मी ताकद गाडीलाच लागे.

गाडी हलकी झाली आणि रस्त्याचे सगळे गणित बदलले. पाठीवर ओझे घेतलेला बैल उभा चढ चढतो, जुंपलेला बैल चढत नाही. जोडीला भरलेली गाडी न थांबता ओढता यावी म्हणून अभियंत्यांनी वीस फुटांना एक फूट हे चढाचे प्रमाण धरले. म्हणजे शंभर मीटर उंची गाठायची तर दोन किलोमीटर रस्ता हवा. सोंडेवरून सरळ जाणारी वाट मग सोडावी लागली आणि डोंगराच्या कुशीतून वळसे घेत जाणारा रस्ता आला. त्याला एका बाजूला कापलेला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, ओढ्याच्या तोंडाशी मोरी. नगरहून औरंगाबादकडे जाताना इमामपूरचा घाट, पाथर्डीकडे जाताना करंजीचा, संगमनेरहून पुण्याकडे जाताना चंदनापुरीचा, हे सगळे याच जातीचे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसने पुढे देशासाठी मानके ठरवली, तेव्हाही डोंगराळ भागासाठी वीसाला एक हेच प्रमाण कायम राहिले. मोटारीला त्याहून उभा चढ सहज झेपला असता.

सायकलस्वाराला या हिशेबाचा आयता लाभ होतो. पाच टक्क्यांचा एकसंध चढ हा माणसाच्या पायांना सर्वांत मानवणारा. लय सापडली की तासभर तोच वेग टिकवता येतो. करंजीच्या घाटात मांड्यांना जो चढ जाणवतो तो मुळात बैलाच्या मानेसाठी मोजलेला आहे. फेरा आखताना रस्ता कोणी, कोणत्या काळात आणि कशासाठी बांधला हे कळले तर चढाचा अंदाज नकाशा न उघडताही बांधता येतो. या जिल्ह्यात तरी तो क्वचितच चुकतो.

१८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोचली आणि अकोल्याच्या व्यापाराने तोंड फिरवले. कोकणात उतरणाऱ्या वाटा ओस पडू लागल्या आणि माल बारीमार्गे घोटी स्टेशनाकडे जाऊ लागला. जिल्ह्याच्या मधून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याचे मातीकाम दुष्काळातल्या मजुरांच्या हातून झाले. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या स्मृतीतला भयंकर काळ आहे. सरकारी कामावर येणाऱ्याला किती द्यायचे याचा वाद तेव्हा पेटला होता. हिंदुस्थान सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मोलावर आणली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. पुढे टेंपल मुंबईचे गव्हर्नरही झाले.

दुष्काळी कामांची एक रीत तेव्हापासून पडली आणि ती शंभर वर्षे टिकली. पाऊस गेला की रस्ता काढायचा. रस्त्याला खडी लागते, खडी फोडायला कौशल्य लागत नाही, बाई-माणूस, म्हातारा, पोर कोणीही बसून फोडू शकतो, आणि ढीग रचून ब्रासात मोजता येतो, म्हणजे मजुरीचा हिशेब सोपा. कोरडा पडलेला ओढा किंवा माळ हीच खाण. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांत हीच पद्धत चालली. नगरच्या पूर्व आणि दक्षिण तालुक्यांत रस्त्यांचे जाळे पावसाच्या प्रमाणाच्या उलट वाढले असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

सायकल याच सुमारास आली. टॉमस स्टीव्हन्स मोठ्या चाकाच्या सायकलवरून जगप्रवास करताना १८८६ मध्ये लाहोर ते कलकत्ता ग्रँड ट्रंक रस्त्याने गेला. दख्खनला त्याने स्पर्श केला नाही. मराठी मुलखात सायकल रुजवण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर आहेत. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवण्याचेही काम पत्करले. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. वाटेत इराणचे आणि इराकपलीकडचे वाळवंट होते, पाठीशी ना गाडी होती ना दवाखाना. वाळवंटातली सायकलस्वारी ही परदेशी कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवायला हवीत.

नगर जिल्ह्यात सायकल छंद म्हणून शिरली नाही. स्वातंत्र्यानंतर टीआय, अ‍ॅटलस, हिरो यांच्या देशी सायकली स्वस्त झाल्या आणि मास्तर, पोस्टमन, तलाठी, दूधवाला यांच्या हाती गेल्या. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या, नळीवर पोरगा, मागे पेंड. वीसेक किलोची, एकाच गिअरची, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची ही गाडी खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर उत्तम चाले. घाटात तिला हाताने ढकलत न्यावे लागे. गावोगावची सायकल दुकाने तासावर गाडी भाड्याने देत, आणि महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलवर कर घेऊन पितळी बिल्ला ठोकत. घाट ओलांडून पलीकडच्या तालुक्यात सायकलने जाणे हे कामापुरतेच होते. हौसेने चढ शोधत जाणारा माणूस लोकांना वेडाच वाटला असता.

ऊस हे प्रवरेच्या खोऱ्यातल्या सपाट रस्त्यांचे कारण. त्या उसाचे कारण भंडारदरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर सिंचन आयोग नेमला गेला आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्याला संरक्षक कालवे देण्याचे ठरले. शेंडी गावाजवळ प्रवरेवरचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणले जाई. खाली कालव्यांवर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम घेतला. कारखान्याला ऊस वेळेत पोचवायचा तर शेतापासून गव्हाणीपर्यंत पक्का रस्ता हवाच. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या पट्ट्यात एकमेकांना छेदणाऱ्या रस्त्यांची जी दाटी दिसते ती त्यातूनच आली. तोडणी कामगार मात्र पाथर्डी-शेवगावच्या कोरड्या गावांतले, म्हणजे ज्यांना दुष्काळाने रस्ते दिले होते, पाणी नाही.

वर धरणापाशी वेगळीच गोष्ट घडली. जुन्या सगळ्या वाटा कुठून तरी कुठे तरी जाणाऱ्या होत्या, वर्तुळ कोणी बांधले नव्हते. बांधणार तरी कशाला? बैल किंवा सैन्य फिरून त्याच जागी येण्यासाठी निघत नाही. जलाशयाने ते घडवले. पाणी भरल्यावर काठाकाठाची गावे एकमेकांपासून तुटली आणि त्यांना जोडणारा रस्ता पाण्याला वळसा घालूनच काढावा लागला. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, पुढे साम्रद, घाटघर आणि उडदावणे-पांजरे-मुरशेत करत परत शेंडी, असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा तयार झाला. घाटघरला पाणी वर-खाली करून वीज तयार करणारा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये चालू झाला, तेव्हा अवजड सामान नेण्याजोगा रस्ताही त्या कोपऱ्यात आला. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ, सांदणचे तोंड आणि घाटघरचा कोकणकडा एका दिवसात सायकलवर पाहता येतात ते या दोन बांधकामांमुळे.

उरलेले रस्ते १९७२ चे. लागोपाठ पाऊस चुकला आणि महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीत खडी केंद्रे उघडली. मुकादम, मस्टर, टोपली, घण, आणि खायला लाल मिलो ज्वारी व सुकडी ही त्या पिढीची आठवण आहे. उन्हात दिवसभर बसून हातोड्याने फोडलेली खडी पुष्कळदा तशीच पडून राहिली, कारण जिथे फोडली तिथे रस्ता मंजूरच नव्हता. ही टीका तेव्हाही झाली. म्हणून हळूहळू पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती या कामांकडे कल वळला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क कायद्यात येण्याची ही देशातली पहिली वेळ. गावात त्याला नुसते ‘हमीवर जाणे’ म्हणत.

या रस्त्यांना अभियंत्याचे वळण नाही. शेजारच्या दोन गावांना जोडायचे, वाटेत टेकडी आली तर तिच्यावरूनच. सुरुवातीला मुरूम टाकून सोडलेले हे रस्ते पुढे डांबरी झाले, आणि २००० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वाड्या-वस्त्यांपर्यंत नेले. मूळची आखणी मात्र तशीच राहिली. वळसा घ्यायला जमीन संपादन करावी लागते आणि शेतकरी वळशासाठी तुकडा सोडायला राजी नसतो. त्यामुळे राष्ट्रीय महामार्गावरचा करंजी घाट हळूहळू चढतो, आणि एखाद्या ठाकरवाडीकडे जाणारा दोन किलोमीटरचा फाटा त्याच्या दुप्पट उभा असतो. डोंगरगणहून वांबोरीकडे उतरणारा घाट या दोन्ही जातींच्या मधला. रेल्वेला पठारावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरायचे होते तेव्हा तिने हीच कड निवडली होती, पण तिला शंभराला एकाच्या आसपासचा उतार पाळायचा होता. रस्त्याने तेवढी सबुरी धरली नाही.

लांब पल्ल्याची सायकलस्वारी हौस म्हणून महाराष्ट्रात गेल्या पंधरा-वीस वर्षांत आली. गिअरच्या सायकली मिळू लागल्या आणि फ्रान्समधून आलेली ब्रेव्हे पद्धत पुण्या-नाशकात रुजली. तिच्यात स्पर्धा नसते, वेळेची मर्यादा असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. त्या शर्यतीच्या वाटेवर अ‍ॅरिझोना-युटाहची खरी घळई-भूमी येते. सरावासाठी त्यांच्या दाराशी सह्याद्रीचे घाट होतेच.

नगरमध्ये फेरा आखणाऱ्यांपुढे आज साधारण तीन पर्याय असतात. सोपा पर्याय शहराभोवतीचा. डोंगरगणमार्गे वांबोरी उतरायचे, राहुरीच्या रस्त्याला लागायचे आणि विळद घाटाने वर यायचे. दुसरा पारनेरचा: सुपे, पारनेर, कान्हूर पठार, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी, नगर. हवे तर अळकुटीवरून निघोजच्या कुंडापर्यंत वाढवता येतो. या फेऱ्यात एकही मोठा घाट नाही, तरी तो थकवतो, कारण पठार सपाट नसते. ओढ्यात उतरायचे, पुन्हा चढायचे, आणि हे दिवसभर. शिवाय वारा. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच बसवलेल्या नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा इतका जोराचा असतो की भाळवणीकडून ढोकेश्वरकडे जाणाऱ्याला सपाटीवरही घाटाचे गिअर लावावे लागतात. म्हणून जाणकार आधी पश्चिमेचा टप्पा पहाटे उरकतात आणि येताना वारा पाठीशी घेतात. टाकळीच्या कोरीव लेण्यात सावली मिळते. पुढे पठारावर ती फारशी नाही.

तिसरा पर्याय अकोल्याचा, आणि खडतर म्हणावा असा खरा फेरा हाच. कोल्हार-घोटी राज्यमार्गाने संगमनेर, अकोले, विठा घाट चढून राजूर, रंधा, शेंडी. तिथून जलाशयाचा वळसा. परतताना राजूरहून कोतूळकडे मुळेच्या खोऱ्यात उतरायचे, ब्राह्मणवाड्याच्या बाजूने दक्षिणेची रांग ओलांडायची आणि आळेफाट्याला कल्याण-नगर रस्ता धरायचा. प्रवरा, मुळा आणि कुकडी अशी तीन खोरी एका फेऱ्यात येतात. विठा घाटाचा चढ मोजूनमापून काढलेला, जलाशयाभोवतीचा लहान लहान उसळ्यांचा, आणि कोतूळच्या पुढचा गावरस्त्याचा, म्हणजे कुठेही अचानक उभा. राजूर आणि कोतूळ ही मोठी बाजारपेठेची गावे सोडली तर पंक्चरचे दुकान मिळेलच असे नाही. पाणी वाडीवर मागितले तर मिळते. उन्हाळ्यात मात्र तेही टँकरचे असते, हे जाणून मागावे.

हंगामाचा प्रश्न या फेऱ्यात सर्वांत नाजूक. जुलै-ऑगस्टमध्ये रंधा धबधबा भरात असतो, पण घाटघरकडे धुके इतके दाट की समोरची एसटी पाच हातांवर आल्याशिवाय दिसत नाही, आणि सांदणीत तर पावसाळ्यात उतरूच नये. पाणी वाढायला तिथे मिनिटे पुरतात. मे महिन्यात काजव्यांसाठी मोटारींची रीघ लागते आणि जलाशयाकाठचा अरुंद रस्ता रात्री सायकलसाठी राहत नाही. उरतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हाही ऊस तोडणी सुरू असल्याने अकोल्यापासून खाली संगमनेरपर्यंत ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि टायरगाड्या रस्त्यावर असतात. गाडीला बैलजोडी असेल तर ती विठा घाटाच्या पायथ्याशी अजूनही सायकलच्याच वेगाने चालते.